सोलापूरला मुलांचा पहिला मासा

प्रेषक: दक्षिण कसब्याची लेक
विषय: डिसेंबरात सोलापूरला चाललोय, मुलांना मासे धरायला कुठे न्यावं?

मंडळी, नमस्कार.

यंदा डिसेंबरात आम्ही चौघं सोलापूरला माहेरी चाललोय. गड्ड्याची यात्रा बघूनच परत फिरायचं ठरवलंय. थोरला दहाचा आहे, धाकटी सातची. गेल्या उन्हाळ्यात इथे न्यू जर्सीत तळ्याच्या धक्क्यावर शेजारची मुलं एकामागून एक ब्लूगिल नावाचे छोटे मासे काढत होती आणि आमची दोघं नुसती बघत उभी होती. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. इथेच शिकवू म्हटलं तर दोघांचा हट्ट, पहिला मासा आजोळीच धरायचा. आजोबा लहानपणी भीमेत मासे धरायचे हे त्यांनी फोनवर ऐकलंय ना!

आजोबांना आता काठापर्यंत चालवत नाही, आणि आम्हा दोघांना यातलं काहीच येत नाही. म्हणून विचारते. सिद्धेश्वर तलाव घराजवळ आहे, तिथे चालेल का? की हिप्परगा? की थेट उजनी? इथून रॉड आणि रील घेऊन जावं का? न्यू जर्सीत सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन लागत नाही, तिकडे काय पद्धत आहे? बोटीतून नेणारं कुणी ओळखीचं असेल तर तेही कळवा.

---

प्रेषक: भाऊ (रत्नागिरीकर)
विषय: Re: डिसेंबरात सोलापूरला चाललोय

ताई, फार छान ठरवलंत. आमच्याकडे पोरं चालायला लागली की गरी हातात येते, त्यामुळे मला यात काही विशेष वाटत नाही, पण तुमच्या मुलांसाठी हा मोठा दिवस असेल. माझं मत विचाराल तर रॉड चांगला घ्या, रील मध्यम, आणि आमिष म्हणून कोळंबी. सोलापूरला बाजारात मिळते ती बर्फातली असेल, तरी चालेल. आणि उजनीएवढं पाणी असताना काठावर काय बसायचं? बोट करा. मोठा मासा आत असतो. रोहू-कटला लागला तर मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

आप्पा सध्या सोलापुरातच आहेत, ते जास्त सांगतील.

---

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)
विषय: Re: Re: डिसेंबरात सोलापूरला चाललोय

ताई,

आधी बोटीचं बोलतो. बोट नको. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या मधे उजनीत बोट उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान लेकरंही होती. अचानक वारं सुटलं की ते पाणी समुद्रासारखं उसळतं. भाऊ, तुमचा अनुभव मोठा आहे, पण ही मुलं पहिल्यांदा पाण्यावर चाललीत. आणि त्यांना हवा तो मासा काठालाच असतो.

सिद्धेश्वराच्या तळ्यात गळ टाकायचा नाही. ते देवस्थानाचं पाणी, सिद्धरामेश्वरांचं तळं. संध्याकाळी मुलांना तिथे मासे बघायला जरूर न्या. पायरीवर बसून मासा वर कसा येतो, तोंड कसं उघडतो, सावली पडली की कसा खाली जातो, हे अर्धा तास बघितलं तर पुढचं निम्मं शिकवायला लागत नाही.

हिप्परगा, म्हणजे एकरुखचा तलाव, तुळजापूर रोडला अगदी जवळ आहे. १८७१ सालचं इंग्रजांच्या वेळचं मातीचं धरण. बांधाच्या दगडी उतारावर मुलांना अजिबात उतरवू नका. शेवाळानं दगड गुळगुळीत झालेले असतात आणि खाली थेट खोली. शहराच्या पिण्याच्या पाण्यातलं काही तिथून येतं, म्हणून काठावर तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोरीचा, तुकडासुद्धा टाकून येऊ नये. पाखरांच्या पायांत गुंततो, तो वेगळाच.

मी तुम्हाला उजनीच सांगेन. धरणाच्या भिंतीजवळ नाही, तिथे हटकतात आणि ते बरोबरच आहे. पुण्याच्या हायवेनं टेंभुर्णीच्या बाजूला गेलात की पाणी शेतांपर्यंत आलेलं दिसतं. असा काठ बघा जिथे जमीन हळूहळू पाण्यात उतरते. जागा ठरवण्याआधी एका मोठ्या माणसानं काठीनं पाणी चाचपून बघावं, कारण पाण्याखाली जुने ओढे बुडालेले आहेत आणि गुडघाभर पाणी एका पावलात छातीभर होतं. दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही. काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या केबली गवतातून पाण्यात गेलेल्या असतात. केबल दिसली की तिथून लांब जायचं. गळ केबलीत अडकला तर ओढायचा नाही, तंगूस कापून टाकायचा.

परवानगीचं तिकडच्यासारखं नाही. इथे तलावांचा मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतो. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज तेच सोडतात, म्हणजे पाण्यातला तो माल त्यांचा. सकाळी बोटी काठाला लागतात तेव्हा जाऊन सरळ विचारा, “मामा, लेकरांना गळ टाकून दाखवायचाय, कुठे बसू?” मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. जागाही तेच दाखवतात, आणि ती जागा तुम्ही शोधलेल्या जागेपेक्षा दहापट चांगली निघते. येताना त्यांच्याकडूनच मासे विकत घ्या.

आता मासा कोणता? चिलापी. तुम्ही तिकडे तिला तिलापिया म्हणता. हा मासा १९५२ साली बाहेरून भारतात आणला आणि आता बहुतेक तळ्यांत तोच दिसतो. तुमच्या धक्क्यावर ब्लूगिल जसं पोरांचं पहिलं पाखरू, तसं उजनीत चिलापी. काठाला राहते, दिवसा खाते, आमिषाची फार चिकित्सा करत नाही आणि तळहाताएवढी असली तरी काठी थरथरवते. भाऊंचा कटला मोठा खरा, पण सात वर्षांच्या पोरीच्या गळाला पाच किलोचा कटला लागला तर काठी बापाच्या हातात जाते आणि पोरगी मागे उभी राहून बघते. मग तो मासा तिचा कसा? पहिला मासा लहान असावा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत लेकराच्याच हातात असावा. मला या सगळ्यात एवढंच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून रॉड आणि रील आणू नका. रील फिरवायला शिकण्यातच सकाळ जाते आणि दर फेकीला गुंता. बुरुडाकडून दोन बारीक, लवचिक बांबूच्या काठ्या घ्या, मुलाच्या उंचीच्या दीडपट. तंगूस काठीएवढाच लांब बांधायचा, जास्त नाही. असं केलं की फेकायचा प्रश्नच राहत नाही. काठी पुढे धरली की गळ पाण्यात, काठी उभी केली की मासा झुलत थेट हाताशी. गळ बारा नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो, दुकानदार मोठा गळ देऊ लागला तरी घेऊ नका. चिलापीचं तोंड लहान असतं, मोठ्या गळावरचं आमिष ती कुरतडून नेते आणि पोरं हिरमुसतात. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो तो पकडीनं दाबून सपाट करा. मासा सुटायची शक्यता थोडी वाढते, पण सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही आणि गळ पोराच्या बोटात गेला तर अलगद निघतो.

बूच, म्हणजे तंगुसाला बांधलेला तरंगता तुकडा, विकतचं मिळतं. पण कडब्याच्या पेंढीतून एक ताट ओढून घ्या, बोटाएवढा तुकडा करा, वरची साल काढा, आतलं भेंड मस्त तरंगतं. हे मुलांना स्वतः करू द्या. त्याच्या खाली वीतभरावर शिशाची एक बारीक गोळी, एवढी की बूच उभं राहील आणि थोडंसंच वर दिसेल. जड बूच असेल तर मासा ओढून बघतो आणि सोडून देतो.

आमिष कणकेचं. घट्ट मळा आणि मळतानाच त्यात पिंजलेला कापूस थोडा मिसळा, म्हणजे पाण्यात विरघळत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी, गळाचं टोक झाकेल एवढीच. गांडुळावर मासा जास्त लागतो, पण धाकटीला ते टोचायला जड जाईल असं वाटलं तर आग्रह करू नका. बसायच्या आधी शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा ओला करून मूठभर पाण्यात टाका आणि पाच मिनिटं थांबा.

वेळ अकरा ते तीन. लोक पहाटे जायला सांगतील, उन्हाळ्यात ते खरं आहे. पण चिलापी उष्ण देशातली, डिसेंबरच्या पहाटे पाणी गार असतं तेव्हा ती सुस्त पडून राहते. ऊन चढून काठाचं उथळ पाणी कोमट झालं की ती काठाला येते. सूर्य समोर ठेवून बसा, सावली मागे पडली पाहिजे. बोललेलं चालतं. पाय आपटलेले चालत नाहीत.

---

प्रेषक: अक्का
विषय: Re: Re: Re: डिसेंबरात सोलापूरला चाललोय

आप्पांनी पाण्याचं सांगितलं, मी डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगते.

लाइफ जॅकेट इकडूनच घेऊन जा, मुलांच्या वजनाच्या मापाचं. काठावरच बसणार आहोत म्हणून काढून ठेवायचं नाही. एक मोठा माणूस फक्त मुलांकडे बघेल, मासे आणि मोबाइल दोन्ही दुसऱ्याकडे. डोळ्यांवर गॉगल आणि डोक्यावर टोपी. उन्हासाठी आहेच, पण गळ हवेत झुलत असतो, डोळ्याला लागला तर फार वाईट. दोघा मुलांत काठीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

गळ बोटात रुतला आणि काटा दाबलेला नसेल, तर उपटू नका. तंगूस कापा, गळ तसाच राहू द्या आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते निघण्याआधी बघून ठेवा. पाण्यात हात घातल्यावर साबणानं धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. मिशांचा मासा लागला तर मुलांनी हात लावायचा नाही. शिंगीचा काटा विषारी असतो, ठणका तासन्‌तास जात नाही. तसं झालंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

आता डॉक्टर म्हणून नाही, माझं मन म्हणून. आमच्या घरात मासा शिजत नाही. मुलांना नदीकाठ दाखवा, पाखरं दाखवा, याला माझी कधीच ना नाही. पण जिवाला ओढून बाहेर काढायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा टाकून द्यायचं, यात मुलं काय शिकतात हे मला खरंच समजून घ्यायचंय. आप्पा, रागावू नका, पण लिहा.

---

प्रेषक: दक्षिण कसब्याची लेक
विषय: Re: डिसेंबरात सोलापूरला चाललोय

अक्का, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. आमच्याही घरी हाच प्रश्न आहे. माझी आई खात नाही, बाबा खातात. थोरला म्हणतो सोडायचा, धाकटी म्हणते आजोबांना तळून द्यायचा. आप्पा, लागलाच मासा तर त्याचं काय करायचं?

---

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)
विषय: अक्कांना उत्तर

अक्का, रागावेन कशाला? हा प्रश्न विचारणारं माणूस प्रत्येक काठावर असायला हवं.

मी तुमच्याशी अर्ध्यावर सहमत आहे. नुसत्या फोटोसाठी मासा काढू नये. उन्हात त्याला हातात धरून पाच जणांनी पाच फोटो काढायचे आणि मग तो पाण्यात टाकायचा, त्यातले कितीतरी पुढे जगत नाहीत. म्हणून काय करायचं ते मासा लागायच्या आधी ठरवायचं, आणि ते मुलांना स्पष्ट सांगायचं.

माझा नियम असा. रोहू, कटला, मृगळ लागला तर सोडायचा, कारण तो सोसायटीनं वाढवायला सोडलेला आहे. हात आधी ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो, कोरड्या हातानं तो निघतो. पाण्याच्या अगदी जवळ धरून गळ काढायचा आणि माशाला पाण्यात आडवं धरून ठेवायचं. तो स्वतः शेपूट मारून हातातून निघेपर्यंत सोडायचं नाही. चिलापी लागली तर ठेवायची आणि खायची. ती इथली मूळची नाही, तिनं इथल्या माशांची जागा बरीच घेतलीय, ती धरल्यानं तळ्याचं काही बिघडत नाही. अपवाद एकच. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तोंडातून पिल्लं बाहेर पडताना दिसली तर तिला लगेच पाण्यात द्यायचं. कुठल्याही मुलाला हे दाखवा, ते स्वतःच म्हणतं, सोडा हिला.

आणि ठेवायची म्हणजे पिशवीत तडफडत ठेवायची नाही. मोठ्या माणसानं लगेच डोक्यावर एक घाव घालून तिचा शेवट करायचा. मुलांना बघायचं नसेल तर बघू नये, पण काय केलं ते त्यांच्यापासून लपवू नये. ताटात येणारी गोष्ट जिवंत होती, हे ज्या मुलाला ठाऊक आहे ते ताटात मासा टाकून उठत नाही. अक्का, तुमच्या घरी तो शिजत नाही हा तुमचा विचार पक्का आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण जी मुलं खातातच, त्यांनी हे जवळून बघावं असं मला मनापासून वाटतं.

धरायची रीत ताईंसाठी: चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. डोक्याकडून शेपटीकडे तळहात सरकवत आणायचा, काटे आपोआप आडवे होतात. उलटा हात फिरवला की टोचलंच म्हणून समजा.

---

प्रेषक: दक्षिण कसब्याची लेक
विषय: उजनीहून आलो!

मंडळी, लागला मासा!

आप्पांनी सांगितल्याप्रमाणे टेंभुर्णीच्या बाजूला गेलो. बोटी लागलेल्या होत्या, तिथल्या एका मामांना विचारलं. त्यांनी मुलांकडे बघितलं, काठ्या हातात घेऊन वाकवून बघितल्या, आणि स्वतः पुढे चालत एका वेड्या बाभळीपाशी आणून बसवलं. बाभळीच्या फांद्या पाण्यात आलेल्या, त्यांच्या सावलीच्या कडेला गळ टाकायचा. केबलपासून लांब बसायला त्यांनीही बजावलं.

कडब्याच्या भेंडाची बुचं मुलांनी आदल्या रात्री आजोबांजवळ बसून केली होती. बाबांनी त्यांना गाठ शिकवली. तंगूस ओठांत ओला करून गाठ आवळायची, कोरडा आवळला तर तिथेच तुटतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. गेली कित्येक वर्षं बाबा एवढा वेळ सलग बोललेले मी ऐकले नव्हते.

पेंड टाकल्यावर थोड्याच वेळात धाकटीचं बूच हलायला लागलं. आधी नुसतं टुकटुक, दोनदा-तीनदा. ती उचलायला निघाली तर मामा हळूच म्हणाले, “थांब बाय, अजून चाखतोय.” मग बूच खाली न जाता आडवंच चालायला लागलं, बाभळीकडे. “आता!” तिनं काठी उभी केली. काठीचं टोक वाकलं आणि थरथरायला लागलं. हे चटकन काठी धरायला पुढे झाले, तर ती केवढ्यानं ओरडली, “बाबा, माझी आहे!” आप्पा, तुमचं वाक्य आम्ही वाचलं होतं, तरी हात पुढे जातोच हो. हे मागे सरले. मासा झुलत तिच्या पुढ्यात आला. तिच्या तळहातापेक्षा थोडा मोठा, राखाडी, अंगावर गडद पट्टे, पाठीचे काटे ताठ उभे. तिनं तळहात डोक्याकडून मागे सरकवला, तुम्ही लिहिलं होतं तसाच. एक फोटो काढला. मग मामांनी पुढचं केलं, तिनं तोंड फिरवलं नाही. नंतर थोडा वेळ गप्प होती. डबा उघडल्यावर बोलायला लागली.

रात्री बाबांनी हळद-मीठ-तिखट लावून ती चिलापी स्वतः तव्यावर परतली. आईनं स्वयंपाकघर दिलं, तवा मात्र दुसरा. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि एवढासा मासा, पण चौघांत वाटून खाल्ला. धाकटीनं काटे वेचून सगळा भाग संपवला. अक्का, हे खास तुमच्यासाठी लिहिलं.

थोरल्याला मात्र काही लागलं नाही. त्याचं आमिष सारखं खाल्लेलं निघायचं. शेवटी शेवटी चिडला होता आणि गळ बाभळीत अडकवून बसला. मासे विकत घेऊन परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. येत्या रविवारी पुन्हा न्यायचं कबूल केलंय. आप्पा, त्याचं काय चुकतंय?

---

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)
विषय: Re: उजनीहून आलो!

ताई, धाकटीला माझ्याकडून शाबासकी. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, गाठीचं त्यांचं अगदी बरोबर आहे.

थोरल्याचं काही चुकत नाहीये. आमिष खाल्लेलं निघतंय म्हणजे मासा येतोय. तीन गोष्टी करा. त्याची कणकेची गोळी निम्मी करा, तो मोठी लावत असणार. बूच वीतभर वर सरकवा म्हणजे आमिष जरा खोल जाईल, थोराड मासा लहानग्यांच्या खाली असतो. आणि त्याला उभं राहू देऊ नका, खाली बसवा. दहा वर्षांचं पोरगं उभं राहिलं की सावली पाण्यावर जाते आणि बूच हललं की ते सगळ्या अंगानं उचलतं. बसलेलं असलं की नुसतं मनगट वर येतं, तेवढंच लागतं.

बहिणीला लागला आणि आपल्याला नाही, हे त्याला रविवारपर्यंत कुणी ऐकवू नये, आजोबांनीसुद्धा नाही. त्या दिवशी त्याला एकट्यालाच बाभळीपाशी बसवा. धाकटीला मी थोडी अलीकडे घेऊन बसतो, तिला गांडूळ लावायला शिकायचं असेल तर शिकवेन.

अकरापर्यंत पोचा. पेंड मी आणतो. ओळखीच्या एका शेतावर हुरडा तयार झालाय, दुपारी तिकडे जाऊ. अक्का यंदा आल्या असत्या तर त्यांनाही नेलं असतं.